घड्याळाचे पार्ट धुवायचं मशीन घरी बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे मशीन नक्की करतं काय?

फार काही नाही हो. जाळीची एक छोटी टोपली, तिच्यात सुटे केलेले पार्ट, टोपली उभ्या दांड्याला लटकवलेली आणि दांडा मोटरला. खाली तीन-चार काचेच्या बरण्या. पहिलीत क्लीनर, पुढच्यांत रिन्स, म्हणजे क्लीनर धुऊन काढायचं लिक्विड. टोपली बुडवायची, हळू फिरवायची, मध्येमध्ये उलटी फिरवायची, मग लिक्विडच्या वर पण बरणीच्या आतच धरून जोरात फिरवायची म्हणजे अंगाला चिकटलेलं लिक्विड झटकून निघतं, आणि मग पुढची बरणी. शेवटी कोमट हवा. घड्याळजींच्या टेबलावरचं जुनं मशीन हेच करतं आणि महागडं ऑटोमॅटिकही हेच करतं, फक्त तिथे टोपली उचलून पुढच्या बरणीत न्यायला माणूस लागत नाही.

मग ब्रश आणि वाटी घेऊन हाताने धुतलं तर काय बिघडलं?

काहीच नाही. वर्षाला दोन घड्याळं उघडत असाल तर मशीनच्या नादी लागूच नका. पण हाताने धुताना प्रत्येक पार्ट चिमट्याने धरायचा, घासायचा, दुसऱ्या वाटीत टाकायचा, परत उचलायचा, म्हणजे एका साध्या मूव्हमेंटला (घड्याळाच्या आतल्या यंत्रणेला) शंभर वेळा चिमटा लागतो आणि त्यातला एखादा स्क्रू कधीतरी टुणकन उडतोच. मशीनचा खरा फायदा हा की पार्ट एकदा टोपलीत गेले की कोरडे होईपर्यंत त्यांना हात लागत नाही.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकतो. वर्षानुवर्षं वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं तेल मशीन काढत नाही. ज्वेलच्या, म्हणजे चाकांच्या आसाची टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांच्या, भोकात लाकडी काडीचं टोक करून ते फिरवायचं, टोक काळं झालं की तासून नवं करायचं, स्वच्छ निघेपर्यंत. हे मशीनमध्ये टाकायच्या आधी करायचं, आणि शंका असेल तर नंतरही.

मोटर कुठली घेऊ?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझ्या मते सगळ्यात कमी महत्त्वाचा. १२ व्होल्टची डीसी गिअर मोटर, गिअरनंतर साधारण ६०० ते १००० आरपीएमची, आणि तिला एक साधा पीडब्ल्यूएम (करंट भराभर चालू-बंद करून वेग बदलणारा) स्पीड कंट्रोलर. झालं.

नुसती बिनगिअरची मोटर घेतली तर ती हळू फिरवायला गेलात की ताकदच राहत नाही, टोपली लिक्विडमध्ये गेली की बंद पडते, आणि बंद पडू नये म्हणून नॉब वाढवला की एकदम सुसाट सुटते. शिवणयंत्राची मोटर पायडलसकट वापरणारेही आहेत, पण ती थेट मेन्सवर, म्हणजे घरच्या विजेवर चालते, आणि ओले हात, उघडी सॉल्व्हंट (तेल विरघळवणारी लिक्विडं) आणि मेन्सची वायर हे त्रिकूट एका टेबलावर मला नको वाटतं. कॉम्प्युटरच्या पंख्याची मोटर शांत चालते, ठिणगीही पडत नाही, पण तिच्यात ताकद नाही आणि वायर उलट जोडून ती उलटी फिरत नाही, आतलं सर्किट जळायची शक्यता जास्त.

आणि स्पीड किती ठेवायचा?

लिक्विडमध्ये मी १५० ते २०० आरपीएम ठेवतो, झटकताना ६०० च्या आसपास. यामागे थोडं गणित आहे. ६ सेंटिमीटर व्यासाची टोपली २०० ला फिरली तर कडेच्या पार्टवर त्याच्या वजनाच्या सव्वापट-दीडपट जोर येतो, म्हणजे पार्ट जागेवर राहतात पण चेंगरत नाहीत. ६०० ला तोच जोर १२ पट होतो, कारण स्पीड तिप्पट झाला की जोर नऊपट होतो. आता काही लोक हँड ड्रिललाच टोपली लावतात आणि ती ३००० ला फिरवतात, तिथे हा आकडा ३०० पटीच्या घरात जातो. एस्केप व्हीलसारख्या छोट्या चाकाचा बारीक पिव्हट (आसाचं टोक) जाळीवर टेकलेला असेल तर विचार करा त्याचं काय होत असेल.

उलटं-सुलटं फिरवणं गरजेचं आहे का?

हो, खूप फरक पडतो. एकाच बाजूला फिरत राहिलं की थोड्या वेळात लिक्विड टोपलीबरोबरच गोल फिरायला लागतं, मग दोघं एकाच स्पीडने फिरतायत आणि पार्टच्या अंगावरून काहीच वाहत नाही, म्हणजे धुणं बंद. दिशा बदलली की लिक्विड जाळीतून जोरात आरपार जातं, खरी सफाई त्या दोन-तीन सेकंदांत होते.

त्यासाठी मध्ये ऑफ असलेला डीपीडीटी स्विच (मोटरच्या दोन्ही वायर एकदम उलट जोडणारा) पुरतो. मध्ये ऑफ मुद्दाम सांगतोय, कारण चालत्या मोटरला थेट उलटं केलं तर करंटचा झटका बसतो, कंट्रोलर जातो. आधी ऑफ, टोपली थांबू द्या, मग उलट.

आणि इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. माझ्या पहिल्या मशीनमध्ये टोपली दांड्याला आट्यांवर फिरवून बसवायची होती. सुलट फिरवताना एकदम घट्ट. उलट फिरवलं तेव्हा पहिल्या वेळी काही झालं नाही, दुसऱ्या वेळी काही झालं नाही, तिसऱ्या वेळी आटे सुटले, टोपली बरणीच्या तळाला, झाकण वेगळं आणि एका लेडीज मूव्हमेंटचे सगळे पार्ट काळपट क्लीनरमध्ये. अख्खी बरणी गाळणीतून ओतून, भिंग लावून, दोन तास शोधलं. एक स्क्रू शेवटपर्यंत सापडला नाही. आता दांड्याला आडवी पिन आहे आणि टोपलीच्या कॉलरला इंग्रजी एल आकाराची खाच, पिन खाचेत घालून फिरवायची आणि वरून एक छोटी स्प्रिंग दाबून धरते. आट्यांवर पुन्हा कधीच विश्वास ठेवला नाही.

आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोल बोर्ड) वगैरे लावून ऑटोमॅटिक करू का?

आधी हाताने चालणारं बनवा, दहा-बारा घड्याळं धुवा, मग ठरवा. दर १५ सेकंदाला दिशा बदलणं आणि टायमर एवढं आर्डुइनोवर छान होतं, मीही केलंय. पण टोपली एका बरणीतून दुसरीत आपोआप नेणारा हात बनवायच्या मागे लागलेले बरेच जण बघितलेत, त्यांचं मशीन कधी पूर्ण झालं नाही आणि घड्याळं ब्रशनेच धुतली जातायत.

स्टँड कशाचा करायचा?

ड्रिलचा स्टँड, जुन्या मायक्रोस्कोपचा खांब, नाहीतर जाड फळीवर उभा केलेला पाइप आणि त्यावर वर-खाली सरकणारा क्लॅम्प. तळ जड हवा. क्लॅम्प दोन उंचीला थांबायला हवा: बुडवायची उंची आणि झटकायची उंची. बरण्यांसाठी फळीत गोल खाचा करून घ्या म्हणजे प्रत्येक वेळी बरणी बरोबर दांड्याखाली येते.

दांडा डुगडुगता कामा नये. मोटरपासून टोपलीपर्यंत १५-२० सेंटिमीटरचा दांडा असतो, वरती एक मिलिमीटर वाकडा तर खाली चार-पाच, आणि ६०० आरपीएमला काचेवर आपटली की बरणी गेली. दांडा सरळ आहे का ते काचेवर लोळवून बघा.

टोपली कशी असावी?

आता मुद्द्यावर आलो. मशीनमधला अर्धा जीव टोपलीत आहे आणि बहुतेक लोक ती शेवटी, जे हाताला लागेल त्याची बनवतात.

पहिली गोष्ट जाळीचं भोक. बारीक घड्याळातले स्क्रू मिलिमीटरपेक्षा लहान असतात, आणि शॉक सेटिंगची (धक्क्यापासून बॅलन्स वाचवणाऱ्या जोडणीची) ती पानासारखी छोटी स्प्रिंग पत्र्यासारखी पातळ असते, उभी झाली तर कुठूनही निसटते. चहाच्या बॉलसारख्या गाळणीपासून सुरुवात करायला हरकत नाही, मी पण केली, पण तिच्या दोन अर्ध्या वाट्या जिथे मिळतात तिथली फट भिंगातून बघा. जाळी बारीक आणि फट ढळढळीत! पार्ट जाळीतून जात नाहीत, फटीतून जातात.

दुसरी गोष्ट कप्पे. प्लेट आणि ब्रिज (चाकं ज्यांच्यामध्ये बसतात त्या पट्ट्या) एका कप्प्यात, चाकं दुसऱ्या, स्क्रू आणि बारीकसारीक तिसऱ्या. सगळं एकत्र टाकलं की स्टीलचा स्क्रू पॉलिश केलेल्या ब्रिजवर घासत राहतो आणि धुऊन निघालेल्या ब्रिजवर नवे ओरखडे. ज्वेल आणि कॅप ज्वेल (ज्वेलवर झाकणासारखा बसणारा खडा) यांच्यासाठी वेगळी, बोटाच्या पेराएवढी झाकणाची डबी, तीही जाळीचीच, मोठ्या टोपलीत ठेवायची.

तिसरी, झाकण वरून दाबून बसणारं असावं, आणि कप्प्यांच्या भिंती झाकणाला टेकलेल्या. भिंत दोन मिलिमीटर बुटकी राहिली तर झटकताना पार्ट शेजारच्या घरात पाहुणे म्हणून जातात.

जाळी पितळेची किंवा चांगल्या स्टेनलेसची. पितळी असेल तर सोल्डर करणं सोपं, मात्र सोल्डरिंगचा फ्लक्स नीट उकळत्या पाण्यात धुवून टाका, नाहीतर पहिल्याच घड्याळाच्या स्टीलच्या पार्टवर गंज दिसेल.

बरण्या कुठल्या?

जाड काचेच्या, रुंद तोंडाच्या, घट्ट झाकणाच्या. झाकणाच्या आतलं रबर सॉल्व्हंटने फुगतं, त्यामुळे दर थोड्या दिवसांनी बघत जा. ॲक्रिलिकच्या पारदर्शक बरण्या नकोत, अल्कोहोलने त्यांना बारीक तडे जातात.

बरणीच्या आत कडेला दोन-तीन उभ्या पट्ट्या बसवल्या तर लिक्विड गोल फिरणं अडतं, मध्ये खड्डा पडत नाही आणि कडेने वर चढून सांडत नाही. कंपनीच्या जुन्या मशीनमध्येही असे अडथळे असायचे. मी स्टेनलेसची एक पट्टी वाकवून बरणीच्या तोंडावर अडकवलीय.

लिक्विड काय वापरायचं आणि कुठल्या क्रमाने?

दोन रस्ते आहेत, त्यांची सरमिसळ केली की गोंधळ होतो.

एक रस्ता पाण्याचा. पाण्यात मिसळायचं वॉच क्लीनर, मग डिस्टिल्ड वॉटर, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग परत ताजं आयसोप्रोपिल. अल्कोहोल इथे पाणी ओढून घ्यायला आहे. दुसरा रस्ता बिनपाण्याचा, म्हणजे घड्याळासाठीच बनवलेलं अमोनियावालं तयार क्लीनर आणि मग त्याच्या जोडीचं रिन्स दोनदा, किंवा नॅफ्था, ज्याला आपण व्हाइट पेट्रोल म्हणतो.

चूक कुठे होते? पाण्याच्या क्लीनरमधून टोपली थेट नॅफ्थामध्ये टाकतात. पाणी आणि नॅफ्था मिसळतच नाहीत, त्यामुळे पाणी भोकाभोकांत अडकून राहतं, वरून सगळं कोरडं आणि चकचकीत दिसतं आणि आठवड्याने विंडिंग स्टेमच्या (चावी द्यायच्या दांडीच्या) भोकात तांबूस रंग, म्हणजे गंज दिसतो. पाण्यानंतर अल्कोहोल हवंच.

अमोनियाच्या क्लीनरमध्ये पितळ छान उजळतं म्हणून लोक टोपली तशीच ठेवून जेवायला जातात. तसं करू नका. अमोनिया पितळ खातो, जास्त वेळ राहिलं तर रंग जातो आणि ताणाखाली असलेल्या पितळी पार्टला तडा जाऊ शकतो. आणि अमोनियाच्या जवळपास ब्लीच आणायचंच नाही, विषारी वायू तयार होतो.

आम्लाचे घरगुती उपाय तर पूर्ण विसरा. पितळ चमकेल, स्टीलचे पिव्हट खड्ड्याखड्ड्यांचे होतील.

अल्कोहोलमध्ये पॅलेट फोर्क (चाकाचा एकेक दात अडवत-सोडत टिकटिक करणारा छोटा पार्ट) चालतो का?

नेहमीचा वादाचा विषय. पॅलेटचे दोन खडे आणि बॅलन्सच्या (मागे-पुढे डुलत वेळ मोजणाऱ्या चाकाच्या) आसावरच्या रोलर चकतीचा खडा पारंपरिक पद्धतीने लाखेने चिकटवलेले असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरचं फ्रेंच पॉलिश असंच बनतं. काही सेकंद बुचकळून काढलं तर सहसा काही होत नाही म्हणणारे आहेत आणि त्यांचं चुकीचंही नाही, पण "सहसा" या शब्दावर मी कुणाचं घड्याळ ठेवत नाही. पॅलेट आणि बॅलन्स माझ्याकडे मशीनमध्ये जातच नाहीत. छोट्या काचेच्या वाटीत नॅफ्था, त्यात दोन-तीन मिनिटं, मऊ ब्रशने हलकं, परत ताजा नॅफ्था, आणि फुंकणीने वाळवायचं. नॅफ्थाचा लाखेवर परिणाम होत नाही.

हेअरस्प्रिंग (बॅलन्सची केसासारखी बारीक गोल स्प्रिंग) मशीनमध्ये टाकायचीच असेल तर?

जुन्या लोकांची युक्ती अशी की बाकी सगळं काढल्यावर बॅलन्स त्याच्या कॉकसकट (बॅलन्स धरून ठेवणाऱ्या पट्टीसकट) रिकाम्या मेन प्लेटवर परत बसवायचा आणि प्लेटबरोबरच टोपलीत जाऊ द्यायचा, म्हणजे हेअरस्प्रिंग कुठे अडकत नाही, चेंगरत नाही. तेव्हाही शेवटचं रिन्स नॅफ्थाचं आणि झटकणं एकदम हळू. सुटा बॅलन्स चाकांबरोबर टोपलीत टाकलात तर नवीन हेअरस्प्रिंग शोधायची तयारी ठेवा.

किती वेळ?

क्लीनर ४-५ मिनिटं, प्रत्येक रिन्स २-३ मिनिटं, आणि प्रत्येक बरणीनंतर अर्धा मिनिट झटकणं. हे झटकणं लोक उडवून देतात. नीट झटकलं नाही तर पहिल्या बरणीची घाण दुसरीत, दुसरीतली तिसरीत, आणि शेवटच्या "स्वच्छ" रिन्समधून पार्ट बाहेर येतात ते पातळ क्लीनरचा थर घेऊनच.

वाळवायला हीटर कसा लावू?

कमी तापमानाचा. ५० अंशांच्या आत ठेवा, लाख ७५ च्या आसपास वितळते आणि त्याच्या आधीच मऊ पडायला लागते. मी एका पत्र्याच्या डब्यात छोटा पंखा आणि कमी वॉटचा हीटर बसवलाय, तळाला भोकं, वर टोपली हळू फिरते, पाच-सात मिनिटांत काम होतं. पण हा डबा बरण्यांपासून लांब, दुसऱ्या टेबलावर आहे, आणि टोपली तिथे नेण्याआधी सॉल्व्हंट पूर्ण झटकून पाच मिनिटं नुसत्या हवेत धरलेली असते. का ते पुढच्या प्रश्नात.

आग लागायची भीती खरंच आहे का, की उगाच सांगतात?

खरंच आहे. आयसोप्रोपिलचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून वाफ पेट घेऊ शकते) १२ अंशांच्या आसपास, नॅफ्थाचा तर शून्याच्याही खाली. म्हणजे साध्या खोलीच्या तापमानाला उघड्या बरणीवर पेट घेईल एवढी वाफ कायम असते. ती वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते, म्हणून "वास तर येत नाहीये" याला अर्थ नाही. आणि ब्रशवाल्या डीसी मोटरमध्ये ठिणग्या पडत असतात, अंधारात मोटरच्या मागच्या भोकातून बघा, निळसर दिसतात.

त्यामुळे मोटर बरणीच्या तोंडापासून शक्य तितकी वर, दांडा लांब, बरणीवर दांड्यापुरतं भोक असलेलं झाकण, ज्या बरणीचं काम नाही तिला पूर्ण झाकण, खिडकी उघडी, स्विच आणि पॉवर सप्लाय टेबलाच्या लांबच्या टोकाला आणि लिक्विडच्या पातळीच्या वर. ब्रशलेस मोटर घेतलीत तर आणखी चांगलं, पण तिचा कंट्रोलर उलट-सुलट दोन्हीकडे फिरवणारा बघून घ्या. नायट्राइलचे हातमोजे घाला. कोरडी भुकटी किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक हाताशी हवं.

त्यापेक्षा अल्ट्रासॉनिक घेतलं तर?

घ्या की, दोन्ही वापरता येतात. साधारण ४० किलोहर्ट्झचे छोटे टँक सहज मिळतात, काडी न पोचणाऱ्या कोपऱ्यांत ते भारी काम करतात. पण टँकमध्ये ज्वलनशील लिक्विड थेट ओतायचं नाही, कधीच नाही. टँकमध्ये पाणी, त्यात झाकण लावलेली काचेची छोटी बरणी, बरणीत लिक्विड. आणि अल्ट्रासॉनिकने फक्त धुणं होतं, रिन्स आणि झटकणं तुम्हालाच करायचंय, त्यामुळे फिरणारी टोपली हवीच. मी क्लीनरची पायरी कधीकधी टँकमध्ये करतो, बाकी सगळं मशीनवर.

मशीनमध्ये काय अजिबात टाकायचं नाही?

डायल आणि काटे. विचारूच नका, छपाई जाते. जुन्या रेडियमवाल्या डायलला तर ब्रशही लावू नका, त्याची पावडर पोटात-फुप्फुसात जायला नको, आणि रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १६०० वर्षांचं असल्यामुळे चमक मेली तरी किरणोत्सार तसाच असतो. क्वार्ट्झची कॉइल आणि सर्किट नाही. क्वार्ट्झचा रोटर वेगळा धुवा, तो चुंबक आहे, सगळ्या बरणीतला लोखंडाचा कीस गोळा करून आणतो. बॅरल (मेनस्प्रिंग म्हणजे मुख्य कमान ठेवायची डबी) बंदच्या बंद टाकू नका, आत लिक्विड शिरतं आणि बाहेर येत नाही, उघडून मेनस्प्रिंग काढा आणि ती हाताने पुसा.

आणि नवीन घड्याळांत पॅलेटच्या खड्यांवर तेल पसरू नये म्हणून एपिलेमचा (तेल अडवणाऱ्या रसायनाचा) थर असतो, धुतल्यावर तो जाऊ शकतो, परत लावावा लागतो.

थ्रीडी प्रिंट केलेले पार्ट चालतील?

मोटरचा ब्रॅकेट, बरणीची खाच यांना चालतील. पीएलए (प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक) ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं म्हणून ड्रायरजवळ नको. टोपली प्रिंट करू नका, थरांच्या फटीत घाण आणि सॉल्व्हंट दोन्ही साठतं.

पार्ट वाळल्यावर पांढुरके डाग दिसतात, का?

पाण्याच्या रस्त्याने गेला असाल तर नळाचं पाणी वापरलंत, क्षार राहिले. डिस्टिल्ड वॉटर वापरूनही दिसत असेल तर क्लीनर नीट निघालेलं नाही, म्हणजे झटकणं कमी पडलं किंवा रिन्स म्हातारं झालंय. ज्वेलभोवती गोल कडं दिसलं तर तेही रिन्सचंच.

ओळखायची सोपी रीत: स्वच्छ काचेवर शेवटच्या रिन्सचा एक थेंब टाका, उडू द्या, भिंगातून बघा. कडं उरलं तर ते रिन्स बदलायचं. मी सरकवत नेतो, शेवटच्या बरणीत ताजं भरायचं, तिथलं आधीच्या बरणीत, आणि सगळ्यात जुनं बाद. बाद झालेलं बेसिनमध्ये ओतायचं नाही, बंद डब्यात साठवून रासायनिक कचऱ्यात द्यायचं.

मशीनमुळे घड्याळ पुढे पळायला लागलं, असं होतं का?

होऊ शकतं. मोटरमध्ये चुंबक असतो आणि स्टीलची टोपलीही कधीकधी भारली जाते. जोडलेलं घड्याळ एकदम दिवसाला कित्येक मिनिटं पुढे जायला लागलं की आधी कंपास जवळ नेऊन बघा, सुई हलली तर डीमॅग्नेटाइझ करा. लांब दांड्याचा हाही एक फायदा. दुसरं कारण म्हणजे हेअरस्प्रिंगचे वेढे तेलाने चिकटलेत, ते भिंगातून लगेच कळतं, नॅफ्थात परत बुचकळा.

पहिल्यांदा कुठलं घड्याळ टाकू?

कुठलंच नको. आधी बरण्यांत नुसतं पाणी घेऊन रिकामी टोपली दहा मिनिटं फिरवा, उलट-सुलट, झटकणं, सगळं. मग भंगारातल्या मूव्हमेंटचे स्क्रू आणि चाकं मोजून टाका, मोजलेला आकडा कागदावर लिहा, पूर्ण सायकल करा आणि परत मोजा. माझे पहिल्यांदा २३ गेले आणि २१ आले, दोन्ही झाकणाच्या कडेखाली अडकले होते. झाकणाची कडा तासली, परत २३ टाकले.